कोबेचा मोडका धक्का : मेरिकेन पार्कमधलं भूकंप-स्मारक नीट कसं पाहावं

ओसाका-क्योतोच्या सहलीत कोबेच्या वाट्याला फार तर अर्धा दिवस येतो. मंडळी मेरिकेन पार्कात येतात, 'बी कोबे' या पांढऱ्या अक्षरांपुढे रांग लावून फोटो काढतात, लाल पोर्ट टॉवर पाहतात आणि परततात. त्याच बागेच्या पूर्व काठाला, चालत पाच मिनिटांवर, १७ जानेवारी १९९५च्या पहाटे मोडलेला धक्का जसा होता तसा ठेवला आहे. मेरिकेन धक्क्याचा सुमारे ६० मीटरचा तुकडा दुरुस्त न करता राखून त्याभोवती 'कोबे बंदर भूकंप-स्मारक उद्यान' उभं केलं गेलं. जुलै १९९७पासून ते सगळ्यांना खुलं आहे. तिकीट नाही, फाटक नाही, रात्री-अपरात्रीही जाता येतं.

फाटक नाही म्हणून तिथे थांबवून सांगणारंही कोणी नसतं. तुटकं काँक्रीट, वाकडे दिवे, मध्ये पाणी, एवढं पाहून माणूस दोन मिनिटांत पुढे निघतो. हा लेख तिथे चाळीस मिनिटं थांबून काय पाहायचं आणि नंतर पावलं कुठे वळवायची, यासाठी आहे.

आधी एवढं माहीत असू द्या

भूकंप झाला पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी. केंद्र आकाशी सामुद्रधुनीत, आवाजी बेटाच्या उत्तर टोकाजवळ, सुमारे १६ किलोमीटर खोल. जोराचा हादरा वीसेक सेकंदच टिकला. फलकांवर कुठे ७.३ तर कुठे ६.९ हा आकडा दिसतो, तेव्हा गोंधळू नका. पहिला जपानी हवामान संस्थेच्या मापनाचा, दुसरा जगभर वापरल्या जाणाऱ्या मोमेंट मापनाचा. मृतांची अधिकृत संख्या ६,४३४, बेपत्ता ३. पूर्ण कोसळलेली घरं १ लाख ४ हजारांहून जास्त. जपानी लोक या भूकंपाला 'हानशिन-आवाजी महाभूकंप' म्हणतात. ओसाका आणि कोबे या नावांतलं एकेक अक्षर घेऊन 'हानशिन' हा शब्द झाला आहे. वाट विचारताना किंवा नकाशात शोधताना हेच नाव वापरा.

दोन गैरसमज घरीच सोडून जा. पहिला त्सुनामीचा. समुद्रकाठचं मोडकं बांधकाम पाहिलं की लाटेनेच ते मोडलं असं वाटतं, आणि २०११च्या तोहोकू भूकंपानंतर तर हा समज पक्काच झाला आहे. कोबेला १९९५मध्ये विध्वंस करणारी त्सुनामी आलीच नाही. हा धक्का पाण्याने मोडलेला नाही, खालच्या जमिनीने दगा दिला म्हणून मोडला. दुसरा गैरसमज असा की इथे मृतांची नावं असतील. हे बंदराचं स्मारक आहे, माणसांचं स्मारक इथून पंधरा मिनिटांवर आहे. दोन्ही पाहिल्याशिवाय भेट पुरी होत नाही, आणि आधी धक्का, मग नावं, हाच क्रम ठेवा. जमिनीचं काय झालं ते समजलं की नावांच्या भिंतीपुढे उभं राहताना निव्वळ हळहळ उरत नाही, काय घडलं आणि का घडलं हेही डोळ्यांपुढे असतं.

कधी जावं

मार्चअखेर ते मे आणि ऑक्टोबर ते नोव्हेंबर हे महिने सोयीचे. जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत पाऊस असतो. आपल्या कोकणासारखा कोसळत नाही, पण रेंगाळतो. जुलै-ऑगस्टमध्ये काठावर सावली कमी आणि दमटपणा मुंबईच्या मे महिन्यासारखा. सप्टेंबरमध्ये वादळाचा इशारा असेल तर या काठाकडे फिरकूच नका. हिवाळ्यात रोक्को डोंगरावरून समुद्राकडे झोंबरं वारं सुटतं. त्याला तिथे 'रोक्को-ओरोशी' म्हणतात. तापमान ५ अंश दिसलं तरी काठावर थंडी त्याहून बरीच जास्त लागते.

दिवसातली वेळ सकाळची निवडा, आठ ते दहा. ऊन पूर्वेकडून येतं, मोडलेल्या दगड-काँक्रीटच्या भेगा उठून दिसतात आणि अक्षरांपुढची गर्दी जमलेली नसते. ओहोटी असेल तर पाण्याखालचा आणखी थोडा भाग उघडा पडतो. मुंबईच्या मानाने इथे भरती-ओहोटीचा फरक बराच कमी आहे, त्यामुळे त्यासाठी वेळापत्रक बदलण्याची गरज नाही. भेट रात्रीवर मात्र टाकू नका. दिव्यांच्या उजेडात जागा देखणी दिसते, पण काय मोडलंय ते कळत नाही.

पोचायचं कसं

ओसाकाहून जेआर कोबे मार्गावरची 'शिन-काइसोकु' म्हणजे विशेष जलद गाडी घ्या. सान्नोमियापर्यंत वीस-बावीस मिनिटं लागतात. नेहमीची चूक इथे होते : लोक 'कोबे' नावाच्या स्थानकावर उतरतात. नाव कोबे असलं तरी शहराचं मुख्य केंद्र सान्नोमिया आहे. स्मारकाला सगळ्यांत सोयीचं जेआर स्थानक मोतोमाची, पण विशेष जलद गाडी तिथे थांबत नाही. सान्नोमियाला उतरून मागची लोकल पकडा, एकच स्थानक आहे. नाहीतर सान्नोमियाहून वीस मिनिटं चाला. हानशिन कंपनीची रेल्वेही मोतोमाचीला जाते. भुयारी रेल्वेच्या काइगान मार्गावरचं 'मिनातो-मोतोमाची' आणखी जवळ आहे, तिथून पाच-सात मिनिटं. शिंकान्सेनने आलात तर शिन-कोबेहून भुयारी रेल्वेने सान्नोमिया एकच स्थानक.

कान्साई विमानतळावरून थेट यायचं तर सान्नोमियाची बस सव्वा तासाच्या आत पोचवते. बोटीचा पर्यायही आहे. कान्साई विमानतळाहून कोबे विमानतळापर्यंत जलद बोट सुमारे अर्ध्या तासात नेते. पुढे पोर्ट लायनर ही चालकाविना धावणारी गाडी अठरा-वीस मिनिटांत सान्नोमियाला आणते. वेळ असेल तर हाच मार्ग घ्या. गाडी पोर्ट आयलंड या भराव टाकून केलेल्या बेटावरून जाते आणि खिडकीतून दिसणारी ही सपाट जमीन पुढे धक्का समजून घ्यायला उपयोगी पडते.

कोबेत दिशा समजणं सोपं आहे. उत्तरेला डोंगर, दक्षिणेला समुद्र, मध्ये चिंचोळी पट्टी. स्थानिक लोक दिशा 'यामा-गावा' म्हणजे डोंगराची बाजू आणि 'उमी-गावा' म्हणजे समुद्राची बाजू अशाच सांगतात. मोतोमाचीहून उमी-गावा धरा. कोइकावा-सुजी हा रस्ता उतरत जातो, डाव्या हाताला दाइमारू हे मोठं दुकान, उजवीकडे नानकिनमाची हा चिनी बाजार. तोच रस्ता पुढे मेरिकेन रोड होतो. वर उन्नत मार्ग असलेला रुंद महामार्ग सिग्नलला ओलांडला की बाग सुरू होते. एकूण दहा मिनिटं. बागेत शिरल्यावर टॉवर उजवीकडे दिसतो, तिकडे वळू नका. डाव्या हाताचा, म्हणजे पूर्वेचा काठ धरून चाला.

'मेरिकेन' हे 'अमेरिकन'चं जपानी रूप. या धक्क्यासमोर अमेरिकेची वाणिज्य वकिलात होती, त्यावरून हे नाव पडलं. बंदर परदेशी जहाजांना १ जानेवारी १८६८ रोजी खुलं झालं. मुंबईशीही त्याचं जुनं नातं आहे. निप्पॉन युसेन काइशा या कंपनीने जमशेटजी टाटांशी करार करून १८९३मध्ये कोबे-मुंबई जहाजसेवा सुरू केली. जपानी कंपनीची ती पहिली दूर पल्ल्याची नियमित सेवा, आणि माल आपल्याकडचा कापूस.

धक्क्यापाशी : नजर कुठे ठेवायची

राखलेल्या भागाभोवती कठडा आणि चालायची वाट आहे, आत उतरता येत नाही. आल्याबरोबर फलक वाचत बसू नका. पाहण्याचा क्रम असा ठेवा.

आधी कठड्याशी उभं राहून एखादी सरळ रेषा शोधा. दुरुस्त झालेल्या धक्क्याची कड दोन्ही बाजूंना सरळ आहे. ती रेषा डोळ्यांनी मोडक्या भागावर ओढा. मूळ धक्का तिथपर्यंत, त्याच पातळीवर होता. आता खाली पाहा. फरशीचे तुकडे कुठे बसले आहेत, कुठे समुद्राकडे कलले आहेत, मध्ये पाणी शिरलंय ते दिसेल. ही रेषा मनात ओढली नाही तर मोडतोडीचं माप कळतच नाही.

मग दिव्याच्या खांबांकडे वळा. ते तिरपे उभे आहेत, आणि सारखे तिरपे नाहीत. प्रत्येक खांब आपल्या पायाखालचा तुकडा किती फिरला ते सांगतो. ओळंबा धरून पाहावं तसं मागच्या एखाद्या इमारतीच्या उभ्या कडेशी खांब ताडून पाहा. मुलं बरोबर असतील तर त्यांना हेच काम द्या : कुठला खांब सगळ्यांत जास्त कललाय, कुठल्या बाजूला, आणि का?

तिसरी पाहायची गोष्ट म्हणजे भेगांची दिशा. मोठ्या भेगा बहुतेक काठाला समांतर आहेत. जमीन समुद्राकडे सरकली की ती अशीच फाटते. पावसाळ्यात घाटरस्त्याची दरीकडची बाजू खचायला लागते तेव्हा डांबरावर रस्त्याच्या लांबीने चीर पडते, तसंच.

एवढं झालं की शेजारच्या छताखाली जा. तिथे फलक, बंदराची प्रतिकृती आणि भूकंपानंतरची दृश्यं दाखवणारे पडदे आहेत. मजकूर इंग्रजीतही आहे. छायाचित्रांत क्रेनचे पाय फाकलेले दिसतात ते नीट पाहा. क्रेन काही फार जोरात हलून मोडल्या असं नाही, खालचे दोन रूळ एकमेकांपासून दूर गेले आणि पाय ओढले गेले. एक रूळ सरकणाऱ्या भिंतीबरोबर गेला, दुसरा मागच्या जमिनीवर राहिला.

धक्का मोडला का

हे जागेवर उभं राहून वाचलंत तर जास्त उमगेल, म्हणून फोनमध्ये ठेवा.

कोबे बंदराच्या बहुतेक धक्क्यांची भिंत केसॉनची होती. केसॉन म्हणजे काँक्रीटची प्रचंड पोकळ पेटी. ती तरंगत आणून जागेवर बुडवतात आणि आत वाळू-दगड भरतात. अशा पेट्या शेजारी शेजारी ठेवल्या की भिंत होते. मागे भराव टाकला की जमीन तयार. पेटीखाली मूळ समुद्रतळाची मऊ चिकणमाती होती. ती वजन पेलणार नाही म्हणून खणून काढली आणि त्या जागी बाहेरून आणलेली माती-वाळू भरली. मागचा भरावही तसाच. पोर्ट आयलंडसाठी कोबेने डोंगर कापून 'मासादो' ही ग्रॅनाइट कुजून झालेली भरड माती आणली होती. भरड माती द्रवरूप होत नाही असं तेव्हा बऱ्याच अभियंत्यांना वाटे.

ती झाली. समुद्रकिनारी ओल्या वाळूत उभं राहून टाचा हलवल्या की वाळू पातळ होते आणि पाय रुततो, तो प्रकार मोठ्या प्रमाणावर घडला. हादऱ्याने कणांमधल्या पाण्याचा दाब वाढतो, कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि घट्ट जमीन क्षणभर चिखलासारखी वागते. यालाच द्रवीकरण म्हणतात. धक्क्यावर तीन गोष्टी एकाच वेळी घडल्या : पेटी स्वतःच्या वजनाने हिसके खात होती, मागचा सैल झालेला भराव तिला समुद्राकडे रेटत होता आणि पायाखालची भरलेली माती मऊ पडली होती. पेट्या सरासरी ३ मीटर, काही ठिकाणी ५ मीटर समुद्राकडे सरकल्या, १ ते २ मीटर खचल्या आणि ३ ते ५ अंश पुढे झुकल्या. पेट्या स्वतः मात्र फारशा फुटल्या नाहीत. अखंड पेटी सरकते आणि तिच्यामागची जमीन फाटते, हे लक्षात घेतलं की समोरचं दृश्य उलगडतं.

त्याच बंदरात जे टिकलं ते माया धक्क्यावरचे तीन भूकंपरोधक बर्थ, म्हणजे जहाज लागण्याच्या जागा. तिथे हिशोबात जास्त जोराचा हादरा धरला होता. मदतीची जहाजं लागायला त्यांचा उपयोग झाला. पोर्ट आयलंडवरही जिथे भराव आधी दाबून घट्ट केला होता, तिथे जमीन फार कमी खचली. शेजारच्या न दाबलेल्या जमिनीतून वाळूमिश्रित पाणी उकळ्या फुटाव्यात तसं वर आलं. माती तीच, वेळ तीच, फरक फक्त आधी केलेल्या कामाचा. मुंबईसारख्या भरावावर वाढलेल्या शहरातून येणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

भूकंपाच्या आदल्या वर्षी कोबे जगातल्या पहिल्या सहा कंटेनर बंदरांत होतं, आणि जपानचा कंटेनर व्यापार सुमारे ३० टक्के इथून चालायचा. मार्च १९९७पर्यंत सगळे धक्के पुन्हा उभे राहिले. पण मधल्या दोन वर्षांत माल दक्षिण कोरियातल्या बुसानसारख्या बंदरांकडे वळला आणि बराचसा परत आलाच नाही. हे नुकसान मोडक्या काँक्रीटमध्ये दिसत नाही, म्हणून इथे सांगितलं.

मराठीत जहाज लागतं त्याही जागेला धक्का म्हणतात आणि जमीन हादरते त्यालाही. इथे उभं राहिलं की ते एका शब्दात का मावतं, ते वेगळं सांगावं लागत नाही.

पुढे पूर्वेकडे : पंधरा नंबरची इमारत आणि नावांची भिंत

स्मारकाहून महामार्ग परत ओलांडा आणि पूर्वेला जुन्या परदेशी वसाहतीत शिरा. इथली १५ नंबरची दुमजली इमारत १८८०च्या सुमाराची. अमेरिकेची वाणिज्य वकिलात एकेकाळी या इमारतीत होती. भूकंपात ती पूर्ण भुईसपाट झाली. ढिगाऱ्यातली वापरण्याजोगी लाकडं वेचून १९९८मध्ये ती पुन्हा बांधली, आणि आता ती हादरा गाळून घेणाऱ्या आधारांवर उभी आहे. आत उपाहारगृह आहे, बाहेरूनही पाहता येते.

तिथून पाच-सात मिनिटांवर नगरपालिकेच्या दक्षिणेला हिगाशी युएन्ची ही बाग. नगरपालिकेच्या जुन्या दोन नंबर इमारतीचा सहावा मजला भूकंपात चिरडला गेला होता, खालचे-वरचे मजले उभे राहिले. मधलाच मजला जाण्याचा हा प्रकार कोबेत अनेक जुन्या इमारतींत घडला. जिथे बांधणीची पद्धत किंवा खांबांची ताकद एकदम बदलते, तिथे असं होतं.

बागेत तीन गोष्टी शोधा. एक, हातात घड्याळ घेतलेल्या मुलीचा पुतळा. ते घड्याळ ५:४६ला थांबलेलं आहे. दुसरी, 'कीबो नो आकारी' म्हणजे आशेची ज्योत. काचेच्या पेटीतली ही ज्योत १७ जानेवारी २०००पासून तेवते. जपानच्या सगळ्या ४७ प्रांतांतून आणि भूकंपग्रस्त गावांतून आणलेल्या ज्योती तिच्यात एकत्र केल्या. तिसरी, स्मृती आणि पुनर्बांधणीचं स्मारक. वर पाणी आहे, खाली उतार उतरत गेलं की गोल दालनात भिंतीवर मृतांची नावं. दालन दिवसाउजेडी गाठा.

या दालनात आवाज खाली, फोन बंद, टोपी काढलेली. नावांवर बोटं ठेवून उभी असलेली माणसं भेटली तर बाजूला व्हा आणि त्यांचा फोटो चुकूनही काढू नका. हात जोडणं तिथेही चालतं, आपल्याला वेगळं काही शिकावं लागत नाही. फुलं न्यायची तर पांढरी किंवा पिवळी शेवंती, साधी जुडी. उदबत्ती, निरांजन, हळद-कुंकू असं काही नेऊ नका. या भिंतीवर नव्या नावांच्या पाट्या अजूनही लागतात. जखमांनी किंवा आघाताने पुढे गेलेल्या माणसांची नावं नातेवाईक नंतरही नोंदवतात. म्हणून वरचा ६,४३४ हा आकडा आणि भिंतीवरची नावं जुळवत बसू नका.

दिवसभर असेल तर : संग्रहालय

हॅट कोबे भागात 'हितो तो बोसाई मिराई सेंता' हे आपत्ती-निवारणाचं संग्रहालय २००२मध्ये उघडलं. तेही समुद्राकाठीच, पूर्वीच्या पोलाद कारखान्यांच्या जागेवर आहे. सान्नोमियाहून हानशिनच्या गाडीने इवायाला जायचं. गाडी 'फुत्सू' म्हणजे लोकलच घ्या, जलद गाड्या इवायाला न थांबता पुढे जातात. इवायाहून उमी-गावा दहा मिनिटं चाल. मोठ्यांना तिकीट ६०० येन, सोमवारी बंद, शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या तासभर आधी. दर आणि वेळा निघण्यापूर्वी एकदा तपासा. किमान दोन तास ठेवा.

सुरुवातीलाच भूकंपाचा क्षण उभा करणारी मोठ्या आवाजाची चित्रफीत असते. लहान मुलं, हृदयविकाराचे रुग्ण आणि स्वतः भूकंप सोसलेली माणसं यांच्यासाठी ती जड आहे. किल्लारी किंवा भुज अनुभवलेलं कोणी बरोबर असेल तर आत जाण्याआधी कर्मचाऱ्यांना सांगा आणि तो भाग टाळा. पुढच्या दालनात भूकंपातून वाचलेले स्वयंसेवक बोलायला असतात. दुभाषी लागेल, पण प्रश्न साधे ठेवले तर फोनवरच्या भाषांतरावरही भागतं. 'पहिल्या रात्री पाणी कुठून आणलं?' अशा प्रश्नाला उत्तर मोकळेपणाने मिळतं.

इथे एक गोष्ट मराठी माणसाच्या मनात येतेच. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीत पहाटे ३:५६ला जमीन हादरली, सोळा महिन्यांनी कोबेत. दोन्हीकडे माणसं झोपेत होती, आणि दोन्हीकडे मारलं ते घराच्या वजनाने. किल्लारीत मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं धाबं, कोबेत मातीच्या थरावर बसवलेली जड कौलं आणि खाली जुनं, आडव्या आधारांशिवायचं लाकडी घर. कोबेत ज्यांचा लगेच मृत्यू झाला त्यांतले पाचांपैकी चार जण घराखाली चिरडून किंवा गुदमरून गेले, आणि मृतांत निम्म्याहून जास्त साठीच्या पुढचे होते. १९८१च्या नव्या बांधकाम नियमांनंतरची घरं बरीच टिकली. संग्रहालयात जुन्या आणि नव्या बांधणीचा हा फरक नीट समजावलेला आहे. तो भाग घाईत ओलांडू नका.

आणखी एक दिवस असेल तरच आवाजी बेटावरचं नोजिमा प्रस्तरभंग-जतन संग्रहालय. जमीन फाटली ती प्रत्यक्ष रेषा १४० मीटर लांबीत छताखाली ठेवली आहे, आणि रेषेवर असूनही उभं राहिलेलं एक घर आत जाऊन पाहता येतं. बस कमी आहेत, उतरल्याबरोबर परतीची वेळ पाहून ठेवा. वाटेत लागणारा आकाशी काइक्यो पूल भूकंपावेळी बांधला जात होता. मनोरे एकमेकांपासून दूर सरकले आणि १,९९० मीटरचा मधला गाळा १,९९१ मीटरचा झाला.

खाणं, स्वच्छतागृह, सामान

बागेत स्वच्छतागृहं आहेत, कचरापेट्या मात्र जवळजवळ नाहीत. एक पिशवी खिशात ठेवा आणि कचरा परत न्या. काठाची वाट सपाट आहे, चाकाची खुर्ची आणि बाबागाडी चालते.

शाकाहाऱ्यांची अडचण मासे-मांस ओळखण्याची नसते, ती 'दाशी'ची असते. माशाचा हा अर्क सूपात, भाजीत, सॉसमध्ये, नूडल्समध्ये असतो आणि वाढणाऱ्याला तो मांसाहार वाटत नाही. चिनी बाजारातल्या भाजीच्या बनांतही चरबी असू शकते. कोबेत भारतीय व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. १९२३च्या भूकंपानंतर योकोहामाचे अनेक भारतीय इथेच आले. त्यामुळे सान्नोमिया-कितानो भागात भारतीय जेवण सहज मिळतं, आणि कितानोत जैन मंदिरही आहे. धक्का आणि नावांची भिंत पाहून सान्नोमियाला जेवायला या, मग संग्रहालय. उलट क्रमाने गेलात तर सकाळचा उजेड हातचा जातो.

१७ जानेवारीच्या पहाटे

या दिवशी हिगाशी युएन्चीत पहाटे पाचपासून बांबूच्या कंदिलांत मेणबत्त्या पेटवतात. '1.17' हे आकडे ज्योतींनी उमटतात. ५:४६ला सगळे एक मिनिट स्तब्ध उभे राहतात, त्याला 'मोकुतो' म्हणतात. संध्याकाळी ५:४६लाही पुन्हा. सूर्योदय सातच्या नंतर, म्हणजे पूर्ण अंधार आणि दोन-चार अंशांची थंडी.

ओसाकाला राहून पहिल्या गाडीने ५:४६ गाठणं भरवशाचं नाही, आदल्या रात्री सान्नोमियातच मुक्काम करा. पाचच्या आत पोचा. पातळ थरांचे कपडे, कानटोपी, पायांत जाड मोजे. मेणबत्ती पेटवायला पाहुण्यांनाही देतात. वाऱ्याने विझलेली दिसली तर शेजारच्या ज्योतीवरून पेटवा. फ्लॅश बंद, मोबाइलचा आवाज बंद. ५:४५ नंतर जागेवरून हलू नका, वाळूवरच्या पावलांचाही आवाज होतो. उजाडल्यावर तिथून चालत मेरिकेनचा धक्का गाठा, त्या दिवशी तो क्रम उलटा चालेल.

भूकंपानंतर डिसेंबर १९९५मध्ये सुरू झालेला लुमिनारिए हा दिव्यांचा सोहळा २०२४पासून जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला होतो आणि मेरिकेन पार्कातही दिवे लागतात. तेव्हा गर्दी प्रचंड असते. स्मारक शांतपणे पाहायचं असेल तर ते दिवस टाळा, किंवा सकाळीच या.

काठावर असतानाच जमीन हलली तर

फोनवर भूकंपाच्या पूर्वसूचनेचा कर्कश इशारा वाजतो. तो जपानीत असला तरी आवाजच पुरे. काठापासून, काचेपासून आणि दिव्याच्या खांबांपासून दूर व्हा, खाली बसून डोकं झाका. हादरा थांबला की फोटो-सामानाच्या मागे न लागता यामा-गावा चालायला लागा : महामार्ग ओलांडून मोतोमाचीच्या रेल्वेरुळांच्या पलीकडे, चढ लागेपर्यंत. उन्नत मार्गाच्या खाली थांबू नका. समुद्रतळावरच्या नानकाई खोऱ्यातला मोठा भूकंप झाला तर कोबेला त्सुनामी यायला तासाहून जास्त वेळ लागेल असा अंदाज आहे. वेळ पुरेसा आहे, फक्त लगेच निघायला हवं. बरोबरच्यांशी भेटायची जागा आधीच ठरवा, आणि ती डोंगराच्या बाजूची ठरवा. चुकामूक झाली तर कोणीही धक्क्याकडे परत शोधायला जाणार नाही, हेही तेव्हाच बोलून घ्या.